रॉयल डिलिशियस सफरचंद: आलं कुठून, आणि आपल्याकडं त्याचं करायचं काय?

पांदण (धागाकर्ता)

राम राम मंडळी. आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. भाच्याला दोन एकरातली जुनी संत्र्याची बाग काढून तिथं सफरचंद लावायचं आहे. बाग काढायचीच आहे, त्यात वाद नाही. डिंक्या रोगानं निम्मी झाडं सुकली, उरलेल्यांना आंबिया बहार (हिवाळ्याअखेरचा फुलोरा) धड धरत नाही. पण त्या जागी सफरचंद? विदर्भातल्या वरूड तालुक्यात? भाचा म्हणतो, मामा, आधी व्हिडिओ तर पाहा.

व्हिडिओ पाहिला, पण मला कुतूहल दुसरंच लागलं. आपल्या बाजारात जे गडद लाल, जरा लांबुडकं, बुडाला पाच टेंगळं असलेलं सफरचंद मिळतं, जे आपण दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना घेतो, ते मुळात कुठलं? फळवाला कधी काश्मिरी म्हणतो, कधी शिमला, आणि भाव चढवायचा असला की 'रॉयल'. वाचत गेलो तर कळलं, ही तिन्ही नावं बहुतेक वेळा एकाच घराण्याची आहेत. घराणं डिलिशियस, आणि ते ना काश्मीरचं ना शिमल्याचं.

अमेरिकेत आयोवा नावाचा मक्याचा मुलूख आहे. तिथल्या पेरू गावात जेसी हायट नावाचे शेतकरी होते. १८७० च्या दशकात त्यांच्या बागेत दोन ओळींच्या मध्ये एक रोप आपसूक उगवलं. ओळीत बसत नाही म्हणून त्यांनी ते छाटून टाकलं. ते पुन्हा फुटलं. पुन्हा छाटलं, पुन्हा फुटलं. शेवटी हायटांनी हात टेकले आणि राहू दिलं. दहाएक वर्षांनी फळ धरलं, ते त्यांना फार आवडलं, नाव ठेवलं 'हॉकआय'. १८९३ मध्ये मिसुरी राज्यातल्या लुइझियाना गावी स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेनं फळांची स्पर्धा ठेवली होती, तिथं त्यांनी आपली फळं पाठवली. फळ पहिलं आलं, पण पेटीवरची नावाची चिठ्ठीच हरवली! कोणाचं फळ ते कळेना. पुढच्या वर्षी हायटांनी पुन्हा पेटी पाठवली तेव्हा पत्ता लागला. स्टार्कांनी हक्क विकत घेतले आणि नाव बदलून 'डिलिशियस' केलं.

'रेड' हा शब्द नंतर चिकटला. १९१४ मध्ये याच स्टार्कांनी वेस्ट व्हर्जिनियात एका शेतकऱ्याचं पिवळ्या सफरचंदाचं एक झाड ५,००० डॉलरला घेतलं. एक झाड! कोणी रात्री येऊन फांद्या चोरू नये म्हणून भोवती पिंजरा उभारला, पिंजऱ्याला धोक्याची घंटा लावली. ते गोल्डन डिलिशियस. मग जुन्याला रेड म्हणावं लागलं. दोघांचं रक्ताचं नातं काही नाही, दुकान तेवढं एक.

आता जाणकारांनी सांगावं. हे झाड हिमाचलात कसं पोचलं? आपल्याकडं येईल का? आणि नुसतं चिरून खाण्यापलीकडं त्याचा उपयोग काय?

उंटावरून_शेळ्या

सफरचंद पेरूत जन्मलं, ऐकून बरं वाटलं. आमचा भिवापूरचा मिरची-ठेसा आता काश्मिरात जन्मल्याचं कोणी सांगू नका फक्त.

फौजी_बुलडाणा

पांदणभाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. नोकरीतला बराच काळ रामपूर-किन्नौरकडं गेला, तिथं हा इतिहास पोराटोरांना पाठ असतो.

हिमाचलात सफरचंद आधीही होतं. कुलू खोऱ्यात बंद्रोल इथं कॅप्टन ली या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७० मध्ये बाग लावली होती. पण ती विलायती आंबटगोड वाणं. साहेबाच्या जिभेला चालायची, आपल्या लोकांना आंबट सफरचंद म्हणजे न पिकलेलं सफरचंद. त्यामुळं धंदा म्हणून ते पसरलं नाही.

मग आले सॅम्युअल स्टोक्स. फिलाडेल्फियाच्या खात्यापित्या घरचा मुलगा, १९०४ मध्ये विशी नुकती ओलांडलेली असताना भारतात आला, शिमल्याजवळ सबाथूला महारोग्यांच्या सेवेत राहिला. पुढं कोटगढला स्थायिक झाला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं, जमीन घेतली. १९१६ मध्ये त्यानं अमेरिकेतून डिलिशियसची रोपं मागवली, ती याच स्टार्क ब्रदर्सची, आणि ठाणेधारच्या डोंगरावर लावली. फळ गोड, रंग भडक, प्रवासात टिकणारं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना कलमं दिली, शिकवलं. बटाटा आणि आलुबुखारा पिकवणारा तो भाग एका पिढीत बदलला.

आणि तो नुसता बागायतदार नव्हता. डोंगरातल्या लोकांकडून साहेब लोक फुकट हमाली करून घेत, त्याला 'बेगार' म्हणायचे. त्याविरुद्ध तो उभा राहिला. १९२१ मध्ये असहकारात तुरुंगात गेला. पुढं १९३२ मध्ये आर्य समाजाच्या विधीनं हिंदू झाला, नाव घेतलं सत्यानंद. स्वातंत्र्याच्या एक वर्ष आधी, १९४६ मध्ये गेला. आपल्याकडं पेशंटच्या उशाशी जे फळ असतं त्यामागं हा माणूस आहे, आणि शाळेच्या पुस्तकात याची एक ओळ मला सापडली नव्हती.

काश्मीरचं वेगळं आहे. तिथलं मूळचं, अभिमानाचं सफरचंद म्हणजे अंबरी. सुवास असा की पेटी उघडली की खोली भरते. पण डिलिशियस आलं आणि व्यापारात अंबरी मागं पडली. आज काश्मिरातून ट्रक भरून जे येतं त्यातलं बहुतेक डिलिशियसच.

मृग_बहार

फौजीकाका, मस्त सांगितलं. आता माहा एक प्रश्न. शेंदुरजना घाटचा हावो मी, आमच्या घरी तीन पिढ्या डोळे भरायचं, म्हणजे कलमं बांधायचं काम हाय. जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा. थ्या हिशोबानं पाह्यलं तं जगात जेवढे डिलिशियसचे झाडं हायेत थे सारे त्या आयोवाच्या एकाच झाडाचे डोळे झाले ना बावा? म्हणजे थे हायटबुवानं दोनदा तोडलेलं झाडच अजून फिरून रायलं हिमाचलात?

कृषीकन्या_अकोला

मृगबहार दादा, अगदी तसंच. सफरचंद बियांपासून लावलं की आईसारखं निघत नाही. एका फळात पाच बिया असतील तर पाच वेगळी झाडं, आणि बहुतेकांची फळं बारीक, आंबट, तुरट. सफरचंदाचं मूळ मध्य आशियात, कझाकस्तानच्या तिएन शान डोंगरात. तिथं रानात आजही शेकडो तऱ्हांची रानटी सफरचंदं आहेत. रशियन शास्त्रज्ञ वाविलोव १९२९ मध्ये तिथं गेले आणि हेच सफरचंदाचं माहेर असावं असं त्यांनी मांडलं. म्हणून चांगलं झाड सापडलं की ते कलमानंच पुढं न्यावं लागतं.

संत्र्याचं मात्र थोडं निराळं आहे. नागपुरी संत्र्याच्या एका बीतून एकाहून जास्त कोंब येतात आणि त्यातले बरेचसे थेट आईच्याच पेशींतून आलेले असतात. म्हणजे बी लावूनही बऱ्यापैकी तसंच झाड मिळतं, पण ते काटेरी निघतं, फळायला वर्षं लावतं, आणि जमिनीतले रोग झेलायला खुंट हवाच. म्हणून आपण डोळा भरतो. सफरचंदात कलमाशिवाय पर्यायच नाही.

आता एक गमतीचा भाग. सगळी झाडं एकाच झाडाची असली तरी सगळी डिलिशियस सारखी नाहीत. कधीकधी एखाद्या झाडाची एकच फांदी बदलते. १९२० च्या दशकात न्यू जर्सीत एका डिलिशियस झाडाची एक फांदी बाकी झाडाच्या आधी आणि जास्त लाल व्हायला लागली. तिचे डोळे घेऊन 'स्टार्किंग' वाण निघालं. मग असे लाल फांद्यांचे शोध सुरूच राहिले: स्टार्क्रिमसन, रेड चीफ, सुपर चीफ, कितीतरी. आपण ज्याला रॉयल म्हणतो तेही याच लाल पिलावळीतलं. हायटांचं मूळ फळ लालपिवळं, पट्ट्यापट्ट्यांचं होतं.

बर्डीवाली

कृषीकन्या, तू जिथं थांबलीस तिथून मी सुरू करते, कारण खरा घोटाळा तिथंच आहे. माझ्या सासरी नागपूरच्या कळमना बाजारात फळांची अडत होती, त्यामुळं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लाल रंग म्हणजे पिकलेलं, हा आपला समज. जुन्या डिलिशियसमध्ये ते बरंचसं खरं होतं. पण जास्त लाल फांदी, त्यातून आणखी लाल फांदी, असं निवडत गेल्यावर असं वाण हाती आलं की फळ आतून कच्चं असतानाच बाहेरून गर्द लाल. मग तोडायला थांबणार कोण? लवकर तोडलं की लवकरचा भाव. गोडी यायच्या आधी फळ पेटीत. वर साल जाड, जराशी कडू. आणि ठेवणीतलं असेल तर आतून पिठाळ, दाताखाली रवा आल्यासारखं.

अमेरिकेत याचा शेवट काय झाला पाहा. १९८० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यातल्या सफरचंदांत जवळजवळ तीन चतुर्थांश एकटं रेड डिलिशियस होतं. लोक कंटाळले, गाला आणि फुजी या वाणांकडं वळले. बागायतदार बुडायला लागले तेव्हा २००० साली तिथल्या सरकारला मदतीचे पैसे द्यावे लागले. २०१८ मध्ये गालानं त्याची पहिली जागा घेतली, जी पन्नासहून जास्त वर्षं त्याची होती. आणि ज्या फळांनी त्याला हरवलं तीही त्याचीच लेकरं! फुजी म्हणजे जपानमध्ये रेड डिलिशियस आणि राल्स जेनेट यांच्या संकरातून काढलेलं. गालाच्या आजीआजोबांतही डिलिशियस आहे.

आता मला सांगा, यात दोष कोणाचा? शेतकऱ्याचा? व्यापाऱ्याचा? गिऱ्हाईक दुकानात उभं राहून पेटीतलं सगळ्यात लाल फळ बोटानं दाखवतं. आपल्या संत्र्याचं नेमकं उलटं दुखणं आहे. आंबियाचं संत्रं दिवाळीच्या आसपास साल हिरवी असतानाच आतून गोड होतं, पण शहरातलं गिऱ्हाईक हिरवं संत्रं हातात धरत नाही. मग इथिलीन वायूच्या खोलीत ठेवून साल पिवळी करा. तिकडं कच्च्याला लाल केलं, इकडं पिकलेल्याला रंगवायला लागतं. डोळ्यांनी खाणाऱ्यांपुढं चव हरते, एवढं खरं.

पांदण

बर्डीवाली ताई, मग घ्यावं कसं ते सांगा की. आम्ही तर सगळ्यात लाल पाहूनच घेतो!

बर्डीवाली

लाल रंग विसरा. देठाजवळचा आणि बुडाचा रंग पाहा, जिथं लाली कमी असते तिथं. पोपटी हिरवा असेल तर कच्चं, फिकट पिवळसर झाला असेल तर तयार. अंगठ्यानं हलकं दाबा, टणक लागलं पाहिजे. हातात वजनदार लागलं पाहिजे. हिमाचलचा माल जुलैच्या मध्यापासून येतो, काश्मीरचा ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत, किन्नौरचा सगळ्यात शेवटी, आणि माझ्या मते तोच सगळ्यात चांगला. मार्च-एप्रिलमध्ये जे मिळतं ते एकतर परदेशातलं, नाहीतर शीतगृहातलं, जिथं खोलीतला ऑक्सिजन कमी करून फळाला झोपवून ठेवतात. ते खराब नसतं, पण खोलीबाहेर आल्यावर आपल्या उन्हाळ्यात झपाट्यानं पिठाळ होतं. आणलं की थेट फ्रिजमध्ये. टोपलीत शोभेला ठेवू नका.

ढेमसे_काकू

व्हॉट्सअॅपवर तो व्हिडिओ येतो ना, सफरचंद सुरीनं खरवडलं की पांढरं मेण निघतं, "विष आहे" म्हणून. खरं काय?

कृषीकन्या_अकोला

काकू, सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतंच, झाडावरचं फळ फडक्यानं पुसलं तरी चकाकतं. बाजारात पाठवताना फळ धुतात तेव्हा ते निघून जातं, म्हणून खाण्यायोग्य मेणाचा पातळ थर देतात: कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांचं, मधमाश्यांचं किंवा लाखेचं. कायद्यानं याला परवानगी आहे. कोमट पाण्यात चोळून धुवा, पुरे. बियांत विषारी द्रव्याचं मूळ असतं हे खरं, पण एखाददुसरी बी गिळली गेली तर काही होत नाही. बिया चावून चावून खाऊ नका, एवढंच.

ढेमसे_काकू

बरं झालं बाई. आता उपयोगाचं मी सांगते, कारण या सगळ्या इतिहासात स्वयंपाकघर कोणी विचारलंच नाही.

डिलिशियस हे चिरून खायचं फळ आहे. आंबटपणा नाही, त्यामुळं शिजवलं की नुसता गोड गाळ. त्याचा मुरांबा करायला जाल तर फजिती. करायचाच असेल तर लिंबू पिळा, नाहीतर आपल्याकडं जे आहे ते घाला, संत्र्याचा रस. मी जॅम असाच करते: सफरचंद सालीसकट किसून, त्यात संत्र्याचा रस आणि सालीवरचा फक्त केशरी भाग थोडा किसून, साखर, मंद आच. सफरचंदात पेक्टिन असतं, त्यानं ते आपोआप आळतं, वरून काही घालावं लागत नाही. संत्र्याच्या आंबटपणानं चव उभी राहते. थंडीत संत्री येईपर्यंत थांबायचं, कारण तेव्हाच दोन्ही चांगली मिळतात.

कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, ते संत्र्याच्या रसात टाकून ठेवा. पोरांच्या डब्यासाठी लिंबापेक्षा हेच बरं, पोरं तोंड वाकडं करत नाहीत.

पिठाळ झालेलं फेकू नका. किसून दही, दाण्याचं कूट, मीठ, हिरवी मिरची, वरून जिऱ्याची फोडणी. उपवासाला चालते ही कोशिंबीर, फक्त फोडणी तुपाची. लहान बाळाला वरचं सुरू करताना साल काढून, वाफवून, कुस्करून. खीर करायची तर दूध गार झाल्यावर कीस घाला, गरम दुधात कुठलंही फळ टाकणं म्हणजे जुगार.

आणि एक आपल्याच हवामानाचं: एप्रिल-मेमध्ये कुरडया-पापडांची खाट घातली की एका कोपऱ्यात सफरचंदाच्या पातळ चकत्या मिठाच्या पाण्यातून काढून पसरा. वरून ओढणी. आपलं ऊन काय कमी आहे का? कडक वाळतात, वर्षभर पोरं खातात. याला गोल्डन जास्त चांगलं, ते वाळून पिवळंधमक राहतं. गोल्डन स्वस्तही असतं कारण लाल नाही म्हणून कोणी घेत नाही. शिजवायलाही तेच घ्या.

उंटावरून_शेळ्या

काकू, सफरचंदाचा ठेसा राहिला.

ढेमसे_काकू

हसू नकोस रे. हिरवं आंबट सफरचंद मिळतं ना, ग्रॅनी स्मिथ, त्याचा ठेसा कैरीच्या ठेशासारखाच होतो. लसूण, मिरची, मीठ, खलबत्त्यात. ते सफरचंद एका ऑस्ट्रेलियातल्या म्हातारीचं, मारिया स्मिथ. सिडनीजवळ तिच्या वाडीत १८६८ च्या सुमारास असंच आपसूक उगवलेलं. म्हाताऱ्या माणसांनी उकिरड्यावरची रोपं उपटू नयेत, असं माझं मत झालंय.

मृग_बहार

😂😂 काकू, तुमच्या हातचा थो जॅम खायले येतो आता.

पण पांदणभाऊच्या भाच्याचं काय? मुद्दा थोच होता ना.

कृषीकन्या_अकोला

हो, आता त्यावर येते.

सफरचंदाला हिवाळ्यात झोप लागते. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली किंवा आसपास किती तास राहिलं त्यावर ती झोप मोजतात. डिलिशियसला हजाराच्या आसपास तास हवेत. तेवढी थंडी मिळाली नाही की वसंतात कळ्या अर्धवट फुटतात, फुलं मागंपुढं येतात, फळ धरत नाही. हिमाचलातसुद्धा थंडी कमी होत चालल्यानं खालच्या उंचीवरच्या बागा मागं पडल्या, कुलू खोऱ्याच्या खालच्या भागात लोक डाळिंबाकडं वळले, आणि सफरचंद वर किन्नौर-स्पितीकडं सरकलं. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर गेला होता ते आठवत असेल, पण तशा रात्री हातावर मोजण्याइतक्या. म्हणजे रॉयल डिलिशियस विदर्भात लावणं सरळ सरळ नाही. झाड जगेल, पानं येतील, फळाची वाट पाहत बसाल.

भाच्यानं पाहिलेला व्हिडिओ बहुधा एचआरएमएन-९९ चा असेल. हे वाण हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांचं. परसात टाकलेल्या सफरचंदाच्या बियांतून १९९९ च्या सुमारास उगवलेल्या रोपाला त्या उष्ण, कमी उंचीच्या भागात फळं लागली, तिथून त्यांनी ते कलमानं वाढवलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरी कमी थंडीची वाणं म्हणजे इस्रायलचं अन्ना आणि बहामा बेटांवरचं डोर्सेट गोल्डन. अन्नाच्या रक्तात गोल्डन डिलिशियस आहेच. ही वाणं खरी आहेत, थोतांड नाहीत. पण झाडाला फळ लागणं आणि दोन एकरांवर संसार चालणं यात फरक आहे.

काटोलकर

आमच्याकडं विहिरीजवळ अन्ना आणि डोर्सेटची काही झाडं आहेत, हौसेनं लावलेली, म्हणून जे पाहिलं ते सांगतो.

फळ लागतं. हे आधी मान्य करा, कारण इथं बरेच जण न पाहताच "अशक्य" म्हणतात. फेब्रुवारीत फूल, मे संपता संपता ते जूनमध्ये फळ. चव बरी, ताजी असताना चांगलीच. पण फळ लहान, आणि घरात बाहेर ठेवलं की आठवड्याभरात मऊ. ते कळमन्याला पाठवून दोन दिवस पडून राहिलं की संपलं. मे महिन्यात पश्चिमेच्या बाजूच्या फळांवर ऊन बसतं, साल तपकिरी होऊन चिरते. हिरवी जाळी टाकली तर थोडं वाचतं. पोपट वेगळे. उदई (वाळवी) खोडाला लागते, मुळाशी सारखं लक्ष लागतं. आणि भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की मूळ कुजतं. जी झाडं मुरमाड उतारावर आहेत तीच नीट आहेत.

आणखी एक गोष्ट शिकलो. आपल्या हिवाळ्यात पानं आपोआप झडतच नाहीत. झाडाला कळतच नाही की झोपायचं आहे. म्हणून डिसेंबरात पाणी तोडायचं आणि पानं हातानं काढून टाकायची. मग फूल एका दमात येतं. आपण आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण देतो, तसंच हे.

कृषीकन्या_अकोला

काटोलकर दादा, हे तुम्ही फार महत्त्वाचं सांगितलंत. इंडोनेशियात जावा बेटावर मलंग-बातूच्या भागात विषुववृत्ताजवळ सफरचंद पिकतं ते याच युक्तीवर. काढणी झाली की मजूर लावून सगळी पानं ओरबाडतात, झाड नव्यानं फुलतं. तिथं फळं वर्षातून दोनदासुद्धा घेतात. पण तो भाग डोंगराळ आणि थंड आहे, वरूडचा मे तिथं नाही.

फौजी_बुलडाणा

चिखलदऱ्याचा विचार कोणी केला का? अकराशे मीटर उंची आहे, कॉफी होते, आता स्ट्रॉबेरीही होते.

काटोलकर

काका, विदर्भात कुठं प्रयोग करायचा तर तिथंच. आमचा काटोल तो नव्हे.

पांदण

भाच्याला सगळा धागा वाचायला दिला. तो म्हणतो, "मामा, काटोलवाल्यांना फळ लागतं ना, मग झालं तर! जूनमध्ये हिमाचलचा माल आलेला नसतो, भाव चढा असतो."

बर्डीवाली

भाच्याचा हिशोब अर्धा बरोबर आहे. जूनमध्ये ताजा देशी माल नसतो, ही जागा खरीच रिकामी आहे. पण अडतीवर त्याच दिवशी शेजारी शीतगृहातलं लालभडक, एकसारख्या आकाराचं सफरचंद असणार. व्यापारी तुमचं लहान, पिवळट-लाल फळ त्याच्याशी ताडून भाव पाडणार. मघाशी सांगितलं ना, डोळ्यांनी खातात लोक. तुमच्या बाजूला एकच गोष्ट आहे, ताजेपणा, आणि ती कळमन्यात विकली जात नाही. ती विकली जाते गावच्या आठवडी बाजारात, रस्त्याच्या कडेला, नागपूरच्या एखाद्या सोसायटीत थेट नेऊन. दहावीस झाडांचा माल तसा जाईल. दोन एकरांचा नाही.

मृग_बहार

माहं ऐका भाऊ. दोन एकरात संत्राच लावा पुन्हा, पण जागा बदलून, जंभेरीऐवजी रंगपूर लाइमच्या खुंटावर भरलेलं रोप घ्या, डिंक्याले थे जरा जास्त सोसते. डोळ्याचा जोड जमिनीच्या वर चांगला नऊ इंच ठेवा, माती लागू देऊ नका, अन् खोडाले मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावत जा पावसाळ्याच्या आधी अन् नंतर. त्याच जागी लगेच लावसान तं तोच रोग पुन्हा येते. एखाददोन वर्ष तूर, हरभरा घ्या मधात. भाच्याले हौस हाय तं धुऱ्यावर (बांधावर) लावू द्या सफरचंद. जवान पोरगा शेतीत थांबून रायला हेच लय हाय.

पांदण

हे पटलं. भाच्यालाही बहुतेक पटलं, कारण तो आता धुऱ्याची लांबी मोजत आहे. अन्ना आणि डोर्सेट दोन्ही लागतात का, की एकच चालेल? आणि रोप केव्हा, कुठून, कसं आणायचं?

काटोलकर

अन्ना एकटं लावू नका, परागीकरणाला जोडीदार लागतो. डोर्सेट गोल्डन त्याच वेळी फुलतं, म्हणून चार अन्नामागं एक डोर्सेट तरी हवं. एचआरएमएन-९९ एकट्यानंही फळतं म्हणतात, पण तेही दोनचार लावून पाहा. मधमाश्या आहेत का आसपास तेही पाहा, फुलोऱ्यात फवारणी करू नका.

फौजी_बुलडाणा

रोपं डिसेंबर-जानेवारीत निघतात, पानं नसलेली, उघड्या मुळांची. हिमाचलात तेव्हा दुकानांत जुड्या बांधून ठेवलेल्या असतात. ओल्या गोणपाटात मुळं गुंडाळून येतात, वाटेत सुकता कामा नयेत. आल्याबरोबर काही तास पाण्यात ठेवून मग लावा. आमच्या ओळखीच्या एकानं मे महिन्यात कुंडीतली हिरवीगार रोपं "सफरचंद" म्हणून घेतली होती, दोन वर्षांनी कळलं की खुंटच फुटला होता, वरचं कलम कधीच मेलेलं. म्हणून घेताना जोड हातानं चाचपून पाहा, आणि जोडाच्या खालून फूट आली असेल तर ते रोप घेऊ नका.

मृग_बहार

थे जोड पाह्यचं काम माह्याकडं घेऊन या. पैसे नाई घेत, काकूच्या जॅमची एक बरणी चालते.